संचालकाची सही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



धर्मसंस्थेच्या व्यासपीठावरून कंपनी कायद्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी वकील नाही, सनदी लेखापालही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. परंतु आपल्या समाजाचा चरितार्थ मुख्यतः व्यापारावर चालतो आणि गेल्या दोन-तीन दशकांत आपल्या कित्येक पेढ्यांच्या पाट्यांवर 'प्रायव्हेट लिमिटेड' ही अक्षरे झळकू लागली आहेत. पाटी बदलली, पाटीमागचे वागणे बदलले का, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कंपनी स्थापन करताना कायद्याला किमान दोन संचालक लागतात. मग घरातील कर्ता पुरुष कागद पुढे करतो आणि म्हणतो, "इथे सही कर." आई सही करते, पत्नी करते, सून करते, नुकताच पदवीधर झालेला मुलगाही करतो. कागदावर काय लिहिले आहे हे कोणी विचारत नाही, कारण घरात विश्वास असतो. त्या सहीने मात्र ती व्यक्ती संचालक होते, आणि आपल्या कुटुंबांत ज्याला आपण 'नावापुरता संचालक' म्हणतो, तसा वर्ग कायद्यात नाही. संचालकाची सही ही एक प्रतिज्ञा आहे आणि प्रतिज्ञा वाचल्याशिवाय घेऊ नये, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पेढी आणि कंपनी

भागीदारीच्या पेढीत व्यापार आणि व्यापारी यांच्यामध्ये भिंत नसते. पेढीचे देणे ते भागीदारांचे देणे. कंपनी ही मात्र कायद्याने जन्माला घातलेली एक स्वतंत्र व्यक्ती आहे. हे तत्त्व १८९७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन खटल्यात ठामपणे मांडले. सॉलोमन हा लंडनमधील पादत्राणांचा व्यापारी. त्याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला. पत्नीला आणि पाच मुलांना प्रत्येकी एक भाग दिला व उरलेले सुमारे वीस हजार भाग स्वतःकडे ठेवले. पुढे कंपनी बुडाली, तेव्हा धनकोंच्या वतीने असे म्हणणे मांडले गेले की ही कंपनी म्हणजे प्रत्यक्षात सॉलोमनच आहे, सबब त्याने देणी फेडावीत. न्यायालयाने ते मान्य केले नाही. कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा, असा तो निवाडा आहे.

आपल्या घरगुती कंपन्यांचे चित्र याहून निराळे नाही. मर्यादित दायित्वाचा जो लाभ आपण सर्व जण घेतो, त्याचे मूळ या विचारात आहे. परंतु भिंतीला दोन बाजू असतात. कंपनीचे देणे माझे देणे नव्हे, असे म्हणावयाचे असेल तर कंपनीचा गल्लाही माझा गल्ला नव्हे, हे मान्य करावे लागते. आपण पहिली बाजू आनंदाने स्वीकारतो आणि दुसरी सोयीस्करपणे विसरतो. कंपनी कायद्यातील आणि कर कायद्यांतील संचालकांविषयीचे बहुतेक नियम या दुसऱ्या बाजूचे रक्षण करण्यासाठी आहेत, हे एकदा ध्यानी आले म्हणजे ते नियम जाचक वाटेनासे होतात.

संचालक म्हणजे कोण?

संचालक हा कंपनीचा मालक नव्हे, मालकी भागधारकांची. तो निव्वळ नोकरही नव्हे. दुसऱ्याचे धन ज्याच्या हाती विश्वासाने सोपवले आहे, असा तो विश्वस्त आहे. या सभागृहात विश्वस्त या शब्दाचा अर्थ मी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पन्नास वर्षे या ट्रस्टच्या पदाधिकाऱ्यांनी तो आचरणातून दाखविला आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १६६ मध्ये संचालकाची कर्तव्ये प्रथमच एकत्र लिहून ठेवली गेली. संचालकाने कंपनीच्या नियमावलीप्रमाणे वागावे. सर्व भागधारकांच्या हितासाठी सद्भावनेने काम करावे, आणि त्यात कंपनी, तिचे कर्मचारी, समाज व पर्यावरण यांचेही हित पाहावे. योग्य ती काळजी, कौशल्य आणि तत्परता दाखवावी व स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावा. स्वतःचे हित आणि कंपनीचे हित एकमेकांच्या आड येतील अशा व्यवहारात पडू नये. स्वतःसाठी किंवा नातलगांसाठी अनुचित लाभ घेऊ नये. घेतल्यास तेवढी रक्कम कंपनीस परत करावी लागते. शेवटी, आपले पद दुसऱ्याच्या हवाली करू नये. तसे केले तर ते निरर्थक ठरते. या कर्तव्यांचा भंग झाल्यास एक लाखापासून पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

यातील 'स्वतंत्र बुद्धी' आणि 'पद हवाली करू नये' या दोन शब्दप्रयोगांकडे मी आपले लक्ष वेधतो. "सगळे हेच पाहतात, मी फक्त सही करते," हे आपल्या घरांतून ऐकू येणारे वाक्य या दोन्ही कर्तव्यांच्या विरुद्ध आहे. स्वतंत्र संचालकांना आणि प्रवर्तक नसलेल्या, दैनंदिन कारभारात नसलेल्या संचालकांना कायद्याने काही संरक्षण दिले आहे. परंतु कुटुंबाच्या कंपनीत पत्नी किंवा सून बहुधा भागधारक आणि प्रवर्तकही असते, म्हणून त्या आडोशाला उभे राहणे तिला सोपे जात नाही.

२०१७ चा धडा

१९५६ च्या कायद्यातही विवरणे दाखल न करणाऱ्या कंपनीच्या संचालकांना अपात्र ठरविण्याची तरतूद होती. परंतु ती सार्वजनिक कंपन्यांपुरती होती. २०१३ च्या कायद्याने कलम १६४ अन्वये ती खासगी कंपन्यांनाही लागू केली. सलग तीन आर्थिक वर्षांचे हिशेब किंवा वार्षिक विवरणे दाखल झाली नाहीत, तर त्या कंपनीचा संचालक पाच वर्षे त्या कंपनीत पुन्हा नेमला जाऊ शकत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही कंपनीत संचालक होऊ शकत नाही. अन्य कंपन्यांतील त्याची चालू पदेही रिकामी होतात.

हा बदल कित्येक व्यापाऱ्यांच्या लक्षातच आला नाही. २०१७ साली केंद्र शासनाच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढून टाकली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरविले. त्यांत केवळ कागदी कंपन्या उभारून काळ्याचे पांढरे करणारेच होते असे नव्हे. कधीकाळी काढलेली, न चाललेली आणि मग विस्मरणात गेलेली कंपनी अनेकांच्या गळ्याशी आली. बंद पडलेले दुकान कुलूप लावले की बंद होते. कंपनी मात्र कुलूप लावून मरत नाही. तिचे नाव नोंदवहीतून रीतसर काढून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, अथवा तिला 'सुप्त कंपनी' म्हणून दर्जा मिळवावा लागतो. तोपर्यंत विवरणांचे कर्तव्य चालूच राहते.

याचा फटका कोणाला बसतो, याचा विचार करा. समजा, एका गृहस्थाने दोन कंपन्या काढल्या. पहिली उत्तम चालली, दुसरी कधी सुरूच झाली नाही. दोहोंत त्याची पत्नी संचालक आहे. दुसरीची विवरणे तीन वर्षे राहिली की त्या बाईंचे पहिल्या, सुरळीत चाललेल्या कंपनीतील पदही जाते. उद्या मुलीने स्वतःच्या कर्तृत्वावर नवा उद्योग काढला आणि आईला संचालक करू म्हटले, तर आई पाच वर्षे अपात्र. त्या माऊलीने दोन सह्यांपलीकडे काहीही केलेले नसते.

येथे एक विसंगतीही नमूद करावीशी वाटते. २०१३ च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर, तसेच शंभर कोटी रुपये वसूल भांडवल किंवा तीनशे कोटी रुपये उलाढाल असलेल्या सार्वजनिक कंपन्यांवर, किमान एक महिला संचालक नेमण्याचे बंधन घातले. स्त्रीचा आवाज संचालक मंडळात उमटावा, हा त्यामागील हेतू. आपल्या घरगुती कंपन्यांत स्त्रिया फार पूर्वीपासून संचालक आहेत. परंतु त्यांची सही आहे, आवाज नाही. ज्या घरात श्राविका वर्षानुवर्षे व्रतांचा काटेकोर हिशेब ठेवते, तिला ताळेबंद समजणार नाही असे मानणे हा तिचा अवमान आहे.

वर्षाची वही

आता संचालकाने वर्षभरात काय पाहावे, ते थोडक्यात सांगतो. आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल की पूर्वी आपले हिशेबी वर्ष दिवाळी ते दिवाळी असे. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून आयकरासाठी सर्वांना ३१ मार्च ही एकच वर्षअखेर लागू झाली. दिवाळीस आपण वहीपूजन करतो, परंतु हिशेबाची खरी दिवाळी ३१ मार्चला होते.

एप्रिल उजाडला की वर्षाच्या पहिल्या संचालक सभेत प्रत्येक संचालकाने आपले अन्य कंपन्यांतील, पेढ्यांतील हितसंबंध लेखी जाहीर करावयाचे असतात. कंपनीचे दुकान वडिलांच्या मालकीच्या जागेत असेल, कंपनी काकांच्या पेढीकडून माल घेत असेल, तर तो व्यवहार निषिद्ध नाही. तो लपविणे निषिद्ध आहे. ३० जूनपर्यंत कंपनीने घेतलेल्या ठेवी आणि ठेवीत न मोडणाऱ्या उसनवाऱ्या यांचे विवरण दाखल करावे लागते. संचालकाने स्वतःची रक्कम कंपनीस दिली असेल तर ती कोणाकडून उसनी घेऊन दिलेली नाही, असे लेखी निवेदनही द्यावे लागते.

संचालक मंडळाच्या वर्षातून किमान चार सभा व्हाव्यात आणि दोन सभांमध्ये १२० दिवसांहून अधिक अंतर पडू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. लहान कंपन्यांना दर सहामाहीस एक सभा पुरते. मात्र त्या दोहोंत किमान ९० दिवसांचे अंतर हवे. सभा म्हणजे रात्री जेवणाच्या वेळी झालेले बोलणे नव्हे. तिची सूचना निघते, तिचे इतिवृत्त लिहिले जाते आणि त्यावर सही होते.

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. नव्या कंपनीस पहिल्या सभेसाठी नऊ महिने मिळतात. सभेनंतर ३० दिवसांत लेखापरीक्षित हिशेब ए.ओ.सी.-४ या अर्जासोबत आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण एम.जी.टी.-७ अथवा लहान कंपन्यांसाठी एम.जी.टी.-७ए या अर्जात कंपनी निबंधकाकडे दाखल करावयाचे. १ जुलै २०१८ पासून या अर्जांना विलंब झाल्यास प्रत्येक अर्जामागे दररोज १०० रुपये जादा शुल्क पडते आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन अर्ज वर्षभर राहिले तर ७३,००० रुपये झाले. धंदा न करणाऱ्या कंपनीसाठी ही रक्कम भरणे म्हणजे भाड्याच्या रिकाम्या गाळ्याचे भाडे भरत राहण्यासारखे आहे. फरक एवढाच की गाळा सोडता येतो आणि या शुल्कातून सुटका नसते.

याखेरीज प्रत्येक संचालकाचा एक ओळख क्रमांक असतो. २०१८ पासून त्या क्रमांकाची ओळख-पडताळणी ठरलेल्या मुदतीने करावी लागते. मुदत टळली तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि तो पुन्हा चालू करण्यासाठी ५,००० रुपये शुल्क पडते. या पडताळणीत संचालकाचा स्वतःचा भ्रमणध्वनी आणि ई-पत्ता असावा अशी अपेक्षा आहे. कित्येक घरांत मात्र सासू, सून, मुलगा या सर्वांच्या नावापुढे मुनीमजींचाच क्रमांक देण्याची प्रवृत्ती असते. मग शासनाची सूचना येते ती मुनीमजींकडे, आणि जिच्यावर जबाबदारी आहे तिला पत्ताही लागत नाही.

दोन गल्ले

करांच्या बाबतीत सर्वांत अधिक गोंधळ होतो तो घरचा गल्ला आणि कंपनीचा गल्ला एक मानल्यामुळे. मुलीचे लग्न आले, कंपनीच्या खात्यातून रक्कम काढली. घराचा हप्ता आला, कंपनीने भरला. वहीत नोंद झाली 'संचालक उचल'. पेढीत हे चालत असे, कारण पैसा भागीदाराचाच होता. कंपनीत याला दोन कायदे आडवे येतात. कंपनी कायद्याचे कलम १८५ संचालकास, त्याच्या नातलगास अथवा तो भागीदार असलेल्या पेढीस कर्ज देण्यास मनाई करते. काही खासगी कंपन्यांना त्यातून सूट आहे, परंतु ती अटींवर. दुसरा आयकर कायदा. मोजक्या लोकांच्या हाती असलेल्या कंपनीने दहा टक्के वा अधिक मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकास कर्ज दिले, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम लाभांश मानली जाते आणि त्यावर कर लागतो. मागाहून परत केली तरी ती कर्जाऊ होती हा बचाव साधारणतः चालत नाही. संचालकाने पगार घ्यावा, लाभांश घ्यावा, जागेचे भाडे घ्यावे, दिलेल्या रकमेवर व्याज घ्यावे. हे सरळ मार्ग पुरेसे रुंद आहेत.

या मार्गांचेही नियम आहेत. कंपनीत नोकरी करणाऱ्या संचालकाचा मोबदला पगार ठरतो. नोकरीत नसलेल्या संचालकाच्या मानधनावर व सभाशुल्कावर, रक्कम कितीही लहान असली तरी, दहा टक्के उद्गम करकपात करावी लागते आणि त्यावरील वस्तू व सेवा कर कंपनीनेच भरावयाचा असतो. कोणत्याही कंपनीचा संचालक असलेली व्यक्ती आयकराचे 'सहज' अथवा 'सुगम' हे सोपे विवरणपत्र भरू शकत नाही. तिला सविस्तर विवरणपत्रात आपला संचालक क्रमांक आणि कंपनीचे नाव द्यावे लागते. सुनेच्या नावावर केवळ बँकेचे व्याज आहे म्हणून तिचे विवरणपत्र सोपे आहे, असे समजू नका. वीस हजार रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेणे निषिद्ध आहे आणि त्याचा दंड घेतलेल्या रकमेएवढा आहे, हेही विसरू नये.

कपात केलेल्या कराविषयी मला विशेष कळकळ आहे. नोकराच्या पगारातून, ठेकेदाराच्या बिलातून आपण जो कर कापतो, तो क्षणभरही आपला नसतो. तो दुसऱ्याचा पैसा शासनाच्या वतीने आपल्या हाती आलेला आहे. तो वेळेवर न भरल्यास दरमहा दीड टक्का व्याज पडते आणि जाणूनबुजून बुडविल्यास खटलाही भरता येतो. हंगाम मंद आहे, येणी अडकली आहेत, म्हणून तो पैसा महिनाभर माल उचलण्यासाठी वापरणे हा हिशेबी चातुर्याचा भाग नव्हे.

आणि आता ती तरतूद, जी प्रत्येक संचालकाने पाठ करून ठेवावी. खासगी कंपनीचा आयकर कंपनीकडून वसूल होऊ शकला नाही, तर त्या वर्षी जी जी व्यक्ती संचालक होती, तिच्याकडून, संयुक्तपणे आणि व्यक्तिशः, तो वसूल करता येतो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १७९ होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या आयकर कायद्यातही ही जबाबदारी कायम आहे. वस्तू व सेवा कर कायद्यातही तशीच तरतूद आहे. सुटकेचा एकच मार्ग आहे. वसुली न होण्यामागे आपला घोर निष्काळजीपणा, गैरकृत्य अथवा कर्तव्यच्युती नव्हती, हे संचालकाने स्वतः सिद्ध करावयाचे. सिद्ध करण्याचा भार शासनावर नाही, संचालकावर आहे. ज्या सुनेने एकाही सभेचे इतिवृत्त वाचलेले नाही, ती आपला निष्काळजीपणा नव्हता हे कशाने सिद्ध करणार?

उधारी आणि खाडाखोड

आपल्या कापडाच्या धंद्याशी निगडित दोन गोष्टी सांगणे मला अगत्याचे वाटते. कापडाचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या लांब उधारीवर चालत आला आहे. ९० दिवस, १२० दिवस हा आपल्याकडे शिरस्ता. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावयाचे असतात. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला धार आली. या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळतो. शिवाय ४५ दिवसांहून अधिक थकलेल्या अशा देण्यांचे विवरण कंपनीस दर सहामाहीस द्यावे लागते. २०२४ च्या आरंभी आपल्या बाजारपेठांत यावर बरीच नाराजी होती, आणि खरेदीच रोडावेल ही भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु इचलकरंजीचा किंवा मालेगावचा छोटा यंत्रमागधारक सूत रोखीने घेतो आणि कापड उधारीवर देतो, ही वस्तुस्थितीही आपणच जवळून पाहिलेली आहे. आपल्या उधारीचे भांडवल त्याच्या घरातून येत होते.

दुसरी गोष्ट वहीची. लाल कापडी बांधणीच्या आपल्या वहीत खाडाखोड निषिद्ध होती. चूक झाली तर ती तशीच ठेवून पुढे दुरुस्तीची नोंद करावी, हा जुन्या दिवाणजींचा दंडक. संगणक आला आणि मागील तारखेची नोंद बोटाच्या टोकावर बदलता येऊ लागली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना अशीच संगणक प्रणाली वापरणे बंधनकारक झाले आहे की जिच्यात प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. दिवाणजींचा दंडक कायद्याने परत आणला, असेच मी याकडे पाहतो.

मौनाची किंमत

नियम पाळले, विवरणे भरली, म्हणजे उत्तम कारभार झाला असे मात्र नव्हे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या कंपनीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. तिच्या संचालक मंडळात नामवंत प्राध्यापक आणि तंत्रज्ञ होते, लेखापरीक्षक जगप्रसिद्ध संस्थेशी संलग्न होते. १६ डिसेंबर २००८ रोजी त्या मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबीयांशी संबंधित दोन 'मायटास' कंपन्या विकत घेण्यास संमती दिली. सत्यमची इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने लिहिली की मायटास होते. गुंतवणूकदारांच्या क्षोभामुळे तो निर्णय काही तासांत मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती.

बँकेतील शिल्लक ही पडताळण्यास सर्वांत सोपी गोष्ट. गल्ला बंद करताना आपण रोज रोकड मोजतो. एवढ्या विद्वानांच्या मंडळात तो साधा प्रश्न लावून धरला गेला नाही. बुद्धी होती, प्रतिष्ठा होती. विचारण्याची चिकाटी कमी पडली. आपल्या कंपन्या लहान आहेत, परंतु वडीलधाऱ्यांसमोर प्रश्न कसा विचारावा, हा संकोच आपल्याकडे अधिकच आहे. मी वडीलधाऱ्यांना विनंती करतो की मुलाने किंवा सुनेने ताळेबंदावर प्रश्न विचारला तर त्यास अविश्वास समजू नका. कायद्याने त्यांच्यावर टाकलेले ते कर्तव्य आहे. आणि उत्तर पटले नाही तर आपली असहमती इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. राजीनाम्याचाही मार्ग खुला असतो. कंपनीने निबंधकास कळविले नाही तर संचालक स्वतः कळवू शकतो. मात्र आपल्या कारकिर्दीतील जबाबदारी राजीनाम्याने पुसली जात नाही.

आपले शास्त्र काय सांगते?

हे सर्व परकीय कायद्याचे अनुकरण आहे, असे कोणास वाटत असेल तर त्यांनी तत्त्वार्थसूत्रातील श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार पाहावेत. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया' आहे, म्हणजे खोटे लेख करणे. 'न्यासापहार' आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन. न झालेल्या सभेचे इतिवृत्त लिहिणे ही कूटलेखक्रिया नव्हे काय? कापून घेतलेला कर वापरणे हा न्यासापहार नव्हे काय? मोठ्या चोरीपासून आपण सहज दूर राहतो. अतिचार मात्र सवयीने, नकळत घडतात. म्हणून तर आचार्यांनी त्यांची यादी करून ठेवली.

योग असा की वार्षिक सभेची ३० सप्टेंबर ही मुदत पर्युषणाच्या आगेमागे येते. आत्म्याचा वर्षाचा हिशेब आपण ज्या दिवसांत मांडतो, त्याच दिवसांत कंपनीचा हिशेबही सभेपुढे येतो. त्या निमित्ताने प्रत्येक व्यापारी कुटुंबाने पाच संकल्प करावेत, असे मी सुचवितो.

पहिला: जी व्यक्ती वाचण्यास आणि विचारण्यास तयार नाही, तिला संचालक करू नये. दुसरा: जी आज संचालक आहे, तिला वर्षातून एकदा लेखापरीक्षकासमवेत बसवून ताळेबंद समजावून द्यावा, सही त्यानंतरच घ्यावी. तिसरा: प्रत्येक संचालकाचा भ्रमणध्वनी, ई-पत्ता आणि संगणकीय सहीचे उपकरण त्याच्याच ताब्यात असावे, दिवाणजींच्या टेबलाच्या खणात नव्हे. चौथा: न चालणारी कंपनी रीतसर बंद करावी. पाचवा: घरचा गल्ला आणि कंपनीचा गल्ला यांच्यातील भिंत दिवाळीला रंगविण्यापुरती नव्हे, वर्षभर पाळावी.

हेच मापदंड आपण या ट्रस्टलाही लावतो. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करावा, हिशेबांचे लेखापरीक्षण व्हावे, देवद्रव्याचा पैसा दुसऱ्या खर्चात जाऊ नये, याविषयी आपण किती दक्ष असतो! दानपेटीतील एका रुपयाचीही पावती आपण मागतो. ही दक्षता मंदिराच्या पायरीवर चपलांसोबत ठेवून बाहेर पडू नये. ती पायात घालून दुकानापर्यंत न्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

पुढील पन्नास वर्षांत या संस्थेचे विश्वस्त आज घराघरांत वाढत असलेल्या मुलामुलींमधून येतील. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे ती आपल्या घरातच शिकतील, किंवा कोठेच शिकणार नाहीत.